रस्ट शिकलो, पण ती भाषा नव्हे : माझी ३८०० डॉलरची मियाटा

वर्षाच्या सुरुवातीला मी इथेच जाहीर केलं होतं की यंदा रस्ट शिकणार. बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं, काय झालं, कुठपर्यंत आलं? तर सांगतो. रस्ट शिकलो. पण रस्ट नावाची प्रोग्रामिंगची भाषा नव्हे. लोखंडावर चढतो तो गंज. आजचा एपिसोड त्याचाच आहे, कोडचा फारसा नाही. ज्यांना गाड्यांचं काही पडलेलं नाही त्यांनी पण थांबा थोडा वेळ.

माझ्याकडे १९९२ सालची एक गाडी आहे. माझ्यापेक्षा वयाने मोठी. माझदा एमएक्स-५, इथे अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. दोनच सीट, वर कापडी टप, आणि हेडलाइट असे की बटण दाबलं की बेडकाच्या डोळ्यांसारखे टुणकन वर येतात. १.६ लिटरचं इंजिन, ११६ हॉर्सपॉवर. आकडा ऐकून हसू नका. गाडीचं वजन हजार किलोच्या आसपास आहे. मागच्या चाकांना ताकद, हाताने टाकायचे पाच गिअर. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली. त्याआधी अशा छोट्या उघड्या गाड्या इंग्रज बनवायचे, एमजी, ट्रायम्फ, लोटस. दिसायला सुंदर, पण उभ्या असतील तिथे ऑइलचं डबकं. माझदाने तीच मजा घेतली आणि ती रोज सकाळी स्टार्ट होईल अशी बनवली. २०१६ मध्ये दहा लाखावी एमएक्स-५ बाहेर पडली. म्हणजे दुर्मिळ वगैरे काही नाही, आणि म्हणूनच माझ्यासारख्याला परवडली.

मी कोलंबसमध्ये राहतो, ओहायोत. बीटेक कॉम्प्युटरमध्ये. मेकॅनिकल ड्रॉइंगच्या पेपरला जेमतेम पास. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ३८०० डॉलर रोख देऊन ही गाडी घरी आणली, आणि त्या दिवशी मला वाटलं की आपण फार हुशार आहोत.

गाडी बघायला गेलो तेव्हा मी काय बघितलं, सांगू? रंग. लाल, चकचकीत. हेडलाइट वर-खाली होतात का ते चार वेळा बघितलं. टप उघडून बघितला. एक चक्कर मारली, हसत परत आलो. खाली वाकून बघितलं नाही. कार्पेट उचललं नाही. खिशात साधा लोहचुंबक नेला असता तरी पुढचे बरेच पैसे वाचले असते. ते का, पुढे येईलच.

पहिल्या आठवड्यात मी खरेदी काय केली? एक मफलर, ३५० डॉलरचा, आवाज भारी यावा म्हणून. आणि गिअरच्या दांड्यावरची एक लाकडी मूठ, ६० डॉलर. बायकोने त्याच दिवशी एक शीट बनवली, नाव ठेवलं ‘खड्डा’. म्हणाली, "अरे, किती खोल आहे ते निदान मोजत तरी जाऊ."

दुसऱ्या आठवड्यात पाऊस. हायवेवरून उतरताना गोल रॅम्प असतो ना, तिथे मी काही वेगात नव्हतो, पण मागची चाकं अचानक बाजूला निघाली. गाडी अर्धी फिरली, गवतात जाऊन थांबली. मागून कोणी येत नव्हतं म्हणून आज बोलतोय. घरी येऊन टायर बघितले, तर नक्षी छान खोल. मग टायरच्या बाजूवर लिहिलेला चार आकडी कोड वाचला. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३११०. म्हणजे २०१० चा एकतिसावा आठवडा. तेरा वर्षांचं रबर. नखाने दाबलं तर प्लॅस्टिकसारखं कडक. नक्षी कितीही असली तरी असलं रबर ओल्या रस्त्याला धरत नाही. या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल नाही, माझ्या गाडीत एबीएस पण नाही. तुमच्या आणि रस्त्याच्या मध्ये फक्त ते चार रबराचे तुकडे. नवे चार टायर ४४० डॉलरला आले. मफलरच्या आधी घेतले असते तर? जाऊ दे.

आता अण्णांबद्दल सांगावं लागेल. अण्णा म्हणजे माझे वडील. इस्लामपूरला त्यांचं गॅरेज होतं, पत्र्याचं, दोन गाड्या मावतील एवढं. फियाट, ॲम्बेसेडर, जीप, नंतर मारुती ८००. मला त्यांनी गॅरेजमध्ये कधी येऊ दिलं नाही. डबा द्यायला गेलो तरी बाहेरूनच. "हात काळं करायचं काम माझं, तुझं नव्हं," हे एवढंच. मी इंजिनिअर झालो, गॅरेज बंद झालं, शटरवर आता मोबाइल रिचार्जचा बोर्ड आहे. त्यामुळे तीस वर्षं जुनी गाडी घेतली हे मी त्यांना महिनाभर सांगितलंच नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये गाडीला ठसका लागायला लागला. सपाट रस्त्यावर हळू चालवली तर काही नाही, पण चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की गाडी खोकायची, झटके द्यायची. मी म्हटलं, हे तर आपलं काम आहे, डीबगिंग. लॅपटॉप काढला आणि लक्षात आलं की जोडायचा कुठे? आज सगळ्या गाड्यांत असतो तो ओबीडी-२ पोर्ट अमेरिकेत सक्तीचा झाला १९९६ पासून. माझ्या गाडीत बॉनेटखाली एक छोटी काळी डबी आहे. तिच्यातल्या टीईएन आणि जीएनडी लिहिलेल्या दोन खाचा तारेच्या तुकड्याने जोडायच्या, किल्ली फिरवायची, आणि डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. तो एरर कोड. मला हे प्रचंड आवडलं, खरं सांगतो. दिवा काय म्हणाला? काहीच नाही. एकही एरर नाही. लॉग रिकामा आणि प्रोडक्शन कोसळतंय, तसला प्रकार.

मग मी तेच केलं जे ऑफिसात कोणी केलं तर मी त्याला ओरडतो. अंदाजाने तीन गोष्टी एकदम बदलल्या. पेट्रोलचा फिल्टर, थ्रॉटलचा सेन्सर, आणि हवा मोजायचा सेन्सर, तो पण कुठल्यातरी भंगारातल्या गाडीचा. २१० डॉलर गेले. ठसका तसाच. वर आता गाडी सिग्नलला उभी असताना बंद पडायला लागली. म्हणजे जुना बग तर होताच, मी एक नवा घातला.

त्या रात्री व्हिडिओ कॉलवर न राहवून अण्णांना सांगितलं. आधी शांत बसले. मला वाटलं आता बोलणी खाणार. तर म्हणाले, "आवाज ऐकीव."

फोन इंजिनजवळ धरला. त्यांनी डोळे मिटले.

"तू काय काय खोललंस?"

मी यादी सांगितली.

"तिन्ही एकदम? मग कशानं काय झालं ते तुला कळणार कसं, लेका?"

हे वाक्य मी दर रिव्ह्यूमध्ये इतरांना ऐकवतो. मराठीत, तेही वडिलांकडून ऐकायला जरा वेगळं वाटतं.

उभ्या गाडीचं बंद पडणं त्यांनी दोन मिनिटांत शोधलं. सेन्सरच्या पुढची रबरी नळी मी नीट घट्ट केलेली नव्हती. तिथून न मोजलेली हवा आत जात होती. कॉम्प्युटर मोजलेल्या हवेच्या हिशेबाने पेट्रोल सोडतो, जादा हवा आली की हिशेब चुकतो. एक क्लॅम्प आवळला, झालं. आणि ठसक्यासाठी म्हणाले, "अंधार पडू दे. गॅरेजचं दार सताड उघडं ठेव, धूर आत कोंडू देऊ नगंस. दिवे बंद कर, गाडी चालू कर, आणि झाडाला पाणी मारायचा फवारा असतो ना, त्यानं प्लगच्या वायरींवर बारीक पाणी मार. हात लावू नगंस. नुसतं बघ."

मारलं. आणि मंडळी, तिसऱ्या सिलिंडरच्या वायरीवरून निळी ठिणगी सापासारखी सरपटत इंजिनच्या धातूवर जात होती. दिवसा दिसलीच नसती. वायरीचं कवच म्हातारं होऊन त्याला चिरा गेल्या होत्या. इंजिनवर जोर कमी असतो तेव्हा ठिणगी कशीबशी प्लगपर्यंत पोचते. जोर वाढला की सिलिंडरमध्ये दाब वाढतो, ठिणगीला तिथे उडी मारणं अवघड होतं, मग ती सोपी वाट धरते, बाहेरून. म्हणून फक्त जोर लावल्यावर ठसका. वायरींचा सेट ४५ डॉलर. काम दहा मिनिटांचं. २१० डॉलरचे सेन्सर अजून कपाटात आहेत.

त्या दिवसापासून आमचा रविवार ठरला. इथे सकाळ, तिकडे संध्याकाळ. फोन भिंतीला टेकवून ठेवायचा आणि अण्णा सांगतील तसं करायचं. त्यांचा एकच हट्ट. मी खाली शिरायच्या आधी प्रत्येक वेळी विचारणार, "स्टँड लावलास काय? दाखीव." नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. दाखवल्याशिवाय पुढचं बोलायचेच नाहीत.

हिवाळ्यात गाडी आत उभी होती तेव्हा रेडिएटर बदलला, वरची प्लॅस्टिकची टाकी तपकिरी पडली होती. तो रंग दिसला की समजायचं, फुटायला आली. टायमिंग बेल्ट आणि पाण्याचा पंप पण बदलला. बेल्ट दर ६०,००० मैलांना बदलायचा असतो, आणि आधीच्या मालकाकडे एकही पावती नव्हती. या १.६ इंजिनाचं एक बरं आहे, बेल्ट तुटला तरी पिस्टन आणि व्हॉल्व एकमेकांवर आदळत नाहीत. इंजिन वाचतं, तुम्ही फक्त रस्त्यात अडकता. सगळ्या गाड्यांचं असं नसतं, हे लक्षात असू द्या.

मे महिन्यात, शनिवारी रात्री, जेवून परत येताना सिग्नलला क्लच दाबला आणि पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. चटईला चिकटून बसलं. गिअर पडेना. मागे हॉर्न. हॅझर्ड लावले, मी आणि बायको उतरलो आणि ढकलत गाडी बाजूच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये नेली. चांगल्या कपड्यांत. हलकी गाडी असण्याचा एक फायदा त्या दिवशी कळला. बायको म्हणाली, "क्लच प्लेट गेली ना? म्हणजे हजार?" मी पण तेच धरून चाललो होतो.

भारतात पहाटेचे साडेपाच. अण्णा उठलेले असतातच.

"प्लेट गेली असं कुणी सांगितलं? प्लेट गेली तर पेडल खाली बसत नाही, गाडी ओढत नाही. पेडल बसतंय म्हणजे दाब कुठंतरी गळतोय. ऑइलची डबी बघ की आधी."

डबी कोरडी ठणठणीत. जवळच्या पार्ट्सच्या दुकानातून ब्रेक ऑइलची बाटली आणली, भरली, पेडल वीस-पंचवीस वेळा मारलं, थोडा दाब आला, आणि गिअर कमीत कमी बदलत घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी खालून बघितलं तर गिअरबॉक्सच्या बाजूला जो छोटा सिलिंडर असतो, स्लेव्ह सिलिंडर, त्याच्या रबरी टोपीतून ऑइल गळत होतं. या गाडीचं हे ठरलेलं दुखणं. खालचा बदलला की थोड्या दिवसांनी वरचा, मास्टर सिलिंडर, पण जातो, म्हणून दोन्ही एकदम बदलले. ११० डॉलर. नळीतली हवा काढायला दोन माणसं लागतात. बायको आत बसून पेडल दाबत होती, मी खालून ओरडत होतो, "दाब... धर... सोड." तासाभराने ती म्हणाली, माझ्या कुठल्याच स्टँडअपमध्ये इतकं स्पष्ट काम कोणी सांगत नाही.

आता मुख्य गोष्ट.

जूनमध्ये मागचे ब्रेक करायचे होते. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या जाम झाल्या होत्या. एकाच बाजूचं मागचं चाक उचलायचं म्हणून दाराखाली, चाकाच्या थोडं पुढे जॅक लावला. दोन-तीन वेळा दांडा मारला. गाडी उचलली गेलीच नाही. जॅक आत गेला. पापड मोडावा तसा आवाज आला.

दाराखाली जी लांब पोकळ पेटी असते तिला इथे रॉकर पॅनल म्हणतात. छप्पर असलेल्या गाडीत छप्पर पण बांधणी धरून ठेवतं. उघड्या गाडीत ते नाही, त्यामुळे ताठपणाचा मोठा भार या दोन पेट्यांवर येतो. बाजूने कोणी धडकलं तर मध्ये आधी त्याच. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन टोचत गेलो. लाल रंगाचा पापुद्रा निघाला, खाली पांढरी लांबी. आपल्याकडे डेंटिंग-पेंटिंगवाले भरतात तीच. बोटभर जाड. लांबी निघाली, तर खाली पत्रा नव्हताच. भोक. हात आत जाईल एवढं. दुसऱ्या बाजूला पण तेच. लोहचुंबक लावला असता तर लांबीवर चिकटला नसता. म्हणून तो खिशात हवा होता.

गंज आला कुठून? ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते एक. पण मियाटाचं स्वतःचं कारण वेगळं आहे. टपावर पडणारं पाणी सीटच्या मागे दोन बाजूंना गोळा होतं आणि दोन नळ्यांतून मागच्या चाकांपुढे खाली सोडलं जातं. गाडी झाडाखाली उभी राहिली की पानं, माती त्या नळ्यांत बसतात. मग पाणी तुंबतं आणि पेटीत उतरतं. वर्षानुवर्षं आतून कुजतं, बाहेरून काही दिसत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉनची दोरी हळूच घालून त्या नळ्या मोकळ्या करायच्या. हवेचा प्रेशर मारू नका, नळी आतून निसटते. दहा मिनिटांचं काम. ते न केल्याची किंमत एका गॅरेजने मला सांगितली : २६०० डॉलर.

आणि वेळ कसली? त्याच आठवड्यात आमच्या कंपनीत माणसं कमी केली. माझ्या टीममधला एक जण गेला. ज्यांना एच-१बी माहीत नाही त्यांच्यासाठी : नोकरी गेली की जास्तीत जास्त साठ दिवस. त्यात दुसरी मिळाली नाही तर बॅग भरायची. बायकोने एकच प्रश्न विचारला, "जायची वेळ आली तर ही सोबत नेता येईल?" नाही. भारतात तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी आयात करता येत नाही, शिवाय स्टिअरिंग उजवीकडे लागतं. म्हणजे जी गाडी मी नेऊ शकत नाही, आणि जी कदाचित दोन महिन्यांत विकावी लागेल, तिच्यात अजून पैसे घालायचे का?

खरं सांगतो. दोन दिवस माझ्या डोक्यात तिसराच विचार होता. लांबी. चाळीस डॉलरची लांबी, लाल रंगाचे दोन डबे. माझ्या आधीच्याने केलं तेच. हेडलाइट वर-खाली करून दाखवायचे, पुढचा माझ्यासारखाच कोणी हसत चक्कर मारून येईल. साडेतीन हजाराला सहज जाईल. मी व्हिडिओ पण बघून ठेवले होते.

रविवारी अण्णांना भोक दाखवलं. मग जरा चाचरत म्हटलं, "अण्णा, नुसती लांबी भरून विकली तर?"

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं नेटवर्क गेलं.

मग म्हणाले, "मी पण भरलीय."

गॅरेजच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. एका गिऱ्हाइकाची फियाट होती, विकायला काढलेली. तळ कुजलेला. गिऱ्हाईक म्हणाला, पत्रा मारायला पैसे नाहीत, दिसायला नीट कर. अण्णांनी भरली, वरून डांबर मारलं, रंग दिला. ती गाडी गावातल्याच एका मास्तरांनी घेतली.

"पुढं दोन वर्षं मास्तर माझ्याचकडं सर्व्हिसिंगला यायचे. पोरं मागच्या सीटवर बसलेली असायची. मी तळाकडं बघायचो बी नाही. बोललो बी नाही."

"मग? काही झालं का?"

"काय झालं नाही," अण्णा म्हणाले. "मास्तरांची बदली झाली."

एवढंच. वर काही उपदेश वगैरे नाही. चहा आला म्हणून फोन ठेवला.

मी वेल्डर शोधला. शहराबाहेर एक म्हातारा माणूस आहे, शेतावरची अवजारं जोडतो. तो म्हणाला, आतलं सगळं तू स्वतः काढून दिलंस तर दोन्ही बाजू १५०० मध्ये. दोन शनिवार लागले. सीट, कार्पेट, बाजूच्या पट्ट्या सगळं काढलं. बॅटरीची वायर काढली, या गाडीत बॅटरी डिकीत असते. पेट्रोलची टाकी सीटच्या मागे असते, वेल्डिंगच्या जागेपासून फार लांब नाही, म्हणून त्याने आधी ती उतरवून घेतली. कुजलेला पत्रा कापून काढला तेव्हा त्यातून माती निघाली आणि काळी पडलेली पानं. मेपलची. एक मी ठेवलं आहे. नव्या पत्र्याला आतून मेणासारखं गंजरोधक मारलं, बाहेरून रंग. रंग जरा वेगळा दिसतो. दाराखाली बघितलं तर लगेच कळतं की काम झालंय. कळू दे.

नोकरी राहिली, तेव्हा. पुढचं माहीत नाही.

‘खड्डा’ शीटची बेरीज आता सात हजार डॉलरच्या आसपास आहे, ३८०० च्या गाडीची. आज विकली तर सात काही येणार नाहीत. बरेच जण विचारतात की स्वस्तात जुनी स्पोर्ट्‌स कार घ्यावी का. मी म्हणतो, गाडीच्या किमतीएवढे पैसे वेगळे असतील आणि रोजच्यासाठी दुसरी गाडी असेल तर घ्या. आणि पहिले सहा महिने वेग वाढवायचं एकही सामान घेऊ नका. आधी टायरची तारीख. मग ब्रेक, ऑइलसकट, कारण ब्रेकचं ऑइल हवेतलं पाणी पितं आणि गरम झाल्यावर दगा देतं. मग पाणी, रेडिएटर, बेल्ट. तोवर गाडी स्वतःच सांगते तिला काय हवंय. मफलर मी शेवटी विकून टाकला, निम्म्या किमतीत. मूठ ठेवली. ती खरंच छान आहे.

पुण्याहून दोघा-तिघांनी विचारलं होतं, आमच्याकडे मियाटा कुठून आणणार? बरोबर आहे. पण तुमच्याकडे जुनी होंडा सिटी व्हीटेक आहे, पालिओ १.६ आहे, ऑक्टाव्हिया आरएस आहे. फक्त दोन गोष्टी आधी बघा. एक, आरसी. पंधरा वर्षं झाली की फिटनेस करून रिन्यू करावी लागते, मग दर पाच वर्षांनी. दोन, गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दल आपल्याकडे कायदा कडक आहे, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते स्पष्ट केलं. त्यामुळे आधीच्या मालकाने हौसेने काय काय बदललंय ते कागदाशी ताडून बघा. आणि कोकणातली, किनाऱ्यावरची गाडी असेल तर लोहचुंबक. तिथे मीठ टाकावं लागत नाही, हवेतच असतं.

गेल्या रविवारी गाडी सकाळी स्टार्ट केली आणि वरून टिक टिक टिक आवाज यायला लागला. फोन धरला.

"टॅपेट," अण्णा म्हणाले. "गॅप घे."

मी म्हटलं, "अण्णा, यात गॅप घेता येत नाही. हायड्रॉलिक आहेत, ऑइलच्या दाबावर चालतात." पहिल्यांदाच मला काहीतरी माहीत होतं जे त्यांना नव्हतं. जरा छाती फुगवून सांगितलं.

"बरं," ते म्हणाले. "मग ऑइल कधी बदललंस?"

मी शीट उघडली. गेल्या ऑक्टोबरची नोंद, त्यानंतर काही नाही.

"स्टँड लावून घे," म्हणाले. "मी थांबतो."

तर मंडळी, ऑइल काढून झालंय, नवं भरलंय. आवाज कमी झालाय, गेलेला नाही. पुढच्या रविवारी परत ऐकवणार आहे त्यांना. तुमच्याकडे अशी जुनी गाडी असेल तर तिच्या आवाजाची व्हॉइस नोट पाठवा, अण्णा म्हणालेत ऐकतो म्हणून. चला, भेटू.